पाठमोरी फुलं

“पहिलं चित्र सापडलं. दुसरं-तिसरं आता तुम्ही बघा,” असं म्हणून पुरोहित सरांनी सतरा नंबरच्या कागदाशेजारी फरशीवर खडूनं फुली मारली आणि ते कमरेवर हात ठेवून तिथंच उभे राहिले.

आम्ही नऊ परीक्षक त्या हॉलमध्ये अनवाणी फिरत होतो. बाकं बाहेर काढलेली, चपला दाराशी आणि फरशीवर एकेका केंद्राचे कागद ओळीनं पसरलेले. पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यांवर खडे ठेवलेले. आमच्या भागातल्या चित्रकला शिक्षकांच्या मंडळाची ही परीक्षा, साल एक्क्याऐंशी. चित्रं जमिनीवर मांडावीत आणि त्यांच्यामधून चालावं, चांगलं चित्र आपणच पाय धरून थांबवतं, असं पुरोहित सरांचं म्हणणं होतं. ते आमचे मुख्य परीक्षक, सत्तरीला टेकलेले. मी चौतीस वर्षांचा, तालुक्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणारा, आणि ‘तांबवेकरांच्या नजरेतून काही सुटत नाही’ अशी ख्याती मिळवून बसलेला. त्या ख्यातीचा मला भारी अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

मीही त्या कागदापाशी गेलो. आंबेवडी केंद्र. चोवीस मुलींचे चोवीस कागद. विषय सगळ्यांना एकच, पितळी तांब्यात फुलांचा गुच्छ. तेवीस कागदांवर शेवंती, झेंडू आणि मधोमध एक गुलाब, सगळे फोटोला बसल्यासारखे समोर तोंड करून. सतरा नंबरच्या कागदावर मात्र फुलांची पाठ होती.

खरंच पाठ. शेवंतीच्या मागची हिरवी वाटी, झेंडूच्या बुडाचा तो लांबट कोष, गुलाबाची खाली वळलेली चार-पाच हिरवी पानं, देठांभोवती घाईघाईत गुंडाळलेला पांढरा दोरा आणि त्या दोऱ्याची सैल गाठ. तांब्याला मागच्या बाजूनं पोचा होता, तोही काढलेला. फुलं पलीकडे कुणाकडे तरी बघताहेत आणि आपण त्यांच्या मागं चोरून उभे आहोत, असं वाटायचं. पाकळ्यांमधून पलीकडचा उजेड गाळून येत होता. असा उजेड पाण्याच्या रंगात आणणं सोपं नाही. मला तो आजतागायत आणता आलेला नाही. डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळपट, अस्पष्ट पट्टा सोडला होता आणि त्यामुळं सगळं चित्र उजवीकडे ढकललं गेलं होतं.

चित्र सुंदर होतं. तिथंच माझं डोकं फिरलं.

“सर, हे पंधरा वर्षांच्या पोरीचं नाही,” मी म्हणालो.

पुरोहित सर म्हणाले, “कशावरून?”

कशावरून, तर तांब्याच्या तोंडावरून. भांड्याचं तोंड चित्रात जितकं उघडं दिसेल तितकी बघणाऱ्याची नजर उंचावर. खाली सतरंजीवर बसलेल्या मुलीला ते तोंड चपटं दिसतं, बाकीच्या तेवीस कागदांवर ते तसंच होतं. सतरा नंबरवर ते चांगलं घसघशीत उघडलेलं. शिवाय केंद्रावरून आलेला बैठकीचा नकाशा माझ्या हातात होता. मुली अर्धगोलात, फुलांच्या समोर. सतरा नंबरची जागा उजवीकडे, तीही समोरच. फुलांच्या मागं एकच वस्तू दाखवलेली होती, पर्यवेक्षकाची खुर्ची. तो काळा पट्टा तर मला सही केल्यासारखा वाटला. चित्राची कड अशी बेदरकारपणे झाकून टाकायची हिंमत शिकलेल्या माणसाची असते, शाळकरी पोरीची नसते.

“खुर्चीवर कोण होतं?” सरांनी विचारलं.

“लोहार. त्यांचा चित्रकलेचा मास्तर.”

सर म्हणाले, “तांबवेकर, तुम्ही तांब्या बघताय. मी फुलं बघतोय. पण तुमचा संशय खरा असेल तर तो मला झाकता येणार नाही. सोमवारी निकाल आहे. तुम्ही स्वतः जाऊन या.”

पहिल्या आलेल्या मुलाला किंवा मुलीला मंडळ कोल्हापूरच्या एका कलाविद्यालयात प्रवेश मिळवून देत असे, वसतिगृहासकट. म्हणजे निकाल हा नुसता कागद नव्हता. मी गुरुवारच्या एसटीनं आंबेवडीला निघालो. प्रवासभर मला एकच गोष्ट छळत होती. लोहार आणि मी एकाच वर्गात शिकलो होतो, आणि फुलं काढावीत तर लोहारनंच, हे तेव्हा सगळे म्हणायचे. मी वस्तुचित्रात पक्का होतो. भांडी, खोके, पुस्तकं. फुलं माझ्या हातून कागदी व्हायची.

लोहार थांब्यावर घ्यायला आला होता. केस पिकले होते, सदऱ्याच्या बाहीवर रंग होता. मी कशाला आलोय हे त्याला पत्रानं कळलेलं होतं, तरी त्यानं आधी चहा पाजला आणि घरच्यांची चौकशी केली. मला ते सगळं सारवासारवीसारखं वाटलं. संशय आला की समोरच्याची माणुसकीही लबाडीच वाटायला लागते. वाटेत त्यानं त्या मुलीची माहिती दिली. सिंधू मदने, दहावी, बाप मेंढरं राखतो. बापानं शब्द दिलाय, पोरगी पहिली आली तर कोल्हापूरला धाडीन, नाही आली तर माघात लग्न. नवरा मुलगा ठरलेलाच आहे.

“म्हणजे तिला पहिली आणायची तुला घाई होती,” मी म्हणालो.

तो चालता चालता थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चालू लागला.

कन्याशाळेच्या छपराचं काम निघाल्यामुळं परीक्षा जानाईच्या देवळात झाली होती. देऊळ जुनं आणि खोलगट. दोन पायऱ्या उतरून सभामंडपात जायचं. मंडपाला भिंती नाहीत, भोवती कमरेइतका दगडी कठडा आणि त्यावर लाकडी खांब. कठड्याबाहेरचं अंगण आतल्या जमिनीपेक्षा हातभर उंच. समोर गाभारा. जमिनीवर खडूच्या खुणा अजून होत्या, मुलींच्या जागांचे नंबर, फुलांच्या खोक्याचा चौकोन, कठड्याला लागून खुर्चीचे चार ठिपके. मी लोहारला तशीच मांडणी पुन्हा करायला लावली. देवळाची गुरवीण कोंडाबाई, साठीची, कोरडं बोलणारी बाई, तिनं बागेतून फुलं आणून दिली आणि ती खांबाशी वाती वळत बसली. तोच तांब्या आला. पोचा मागं गेला.

मी चष्मा पुसला आणि खुर्चीवर बसलो. समोर फुलांच्या पाठी. हिरव्या वाट्या, दोरा, गाठ. तांब्याचं तोंड घसघशीत उघडं. चित्रात होतं तेच सगळं माझ्यापुढं होतं. खरं सांगतो, मला आनंद झाला. माझा हिशेब बरोबर निघाला म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

“लोहार, चित्र तुझं आहे,” मी म्हणालो.

“माझं असतं तर मी फुलांची तोंडं काढली असती,” तो म्हणाला. “तुला ठाऊक आहे मी कसा आहे. मला कुणी बघितल्याशिवाय चैन पडत नाही.”

“मग ती कुठं होती ते सांग. एवढंच सांग.”

“परीक्षेला होती. पूर्ण तीन तास. चित्र तिचंच आहे. यापुढं मला विचारू नकोस.”

“का विचारू नको?”

नजर चुकवून तो फुलांतली एक शेवंती उगाच सरळ करत राहिला. गुन्हेगार याहून वेगळा कसा दिसतो, मला सांगा.

सिंधूला बोलावलं. निळा परकर-पोलका हाच शाळेचा गणवेश, दोन वेण्या, उन्हानं रापलेली, लांब बोटांची मुलगी. ती पायऱ्या उतरून आली, देवीला नमस्कार केला आणि मी सांगितलं तशी सतरा नंबरच्या खुणेवर बसली. मी तिला कागद दिला आणि समोर दिसतंय ते काढ म्हणालो. तासाभरात तिनं काढलं. हात स्वच्छ होता, रेघ धीट होती. पण फुलं समोर तोंड करून बसलेली, बाकीच्या तेवीस जणींसारखीच, जरा बरी इतकंच. मी सोबत आणलेलं परीक्षेचं चित्र तिच्यापुढं धरलं.

“हे कुणी काढलं?”

“मी काढलंय, सर.”

“कुठं बसून?”

तिनं लोहारकडं पाहिलं. लोहार खाली बघत होता. मग तिनं कोंडाबाईकडं पाहिलं, आणि शेवटी हळूच म्हणाली, “इथंच.”

“इथून तांब्याचा पोचा दिसतो का? ही गाठ दिसते का?”

यानंतर मी जे केलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला उठवलं आणि गाभाऱ्याकडं तोंड करून उभं केलं. म्हणालो, जानाईसमोर सांग, हे चित्र तू काढलंस. ती तत्काळ म्हणाली, “मीच काढलंय.” आवाज जरासुद्धा हलला नाही. मी म्हणालो, आता जानाईसमोर हेही सांग, कुठं होतीस.

तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. ओठ हलले. देवीकडं बघायच्या ऐवजी ती स्वतःच्या पायांकडं बघू लागली. मी वाट बघितली. परीक्षकाला वाट बघता येते. शेवटी ती वळली, पायऱ्या चढली आणि अंगणातून पळत गेली.

“झालं?” लोहारनं विचारलं.

मी देवळाच्या पायरीवर बसून अहवाल लिहिला. ‘सदर चित्र परीक्षार्थीने काढलेले नाही. पर्यवेक्षकाच्या जागेवरून ते काढले गेल्याचे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आले.’ एवढ्या दोन ओळींनी मुलगी बाद होत होती, शाळेचं केंद्र रद्द होत होतं आणि लोहारला मंडळाचं दार बंद होत होतं. मी कागद त्याच्याच हातात दिला. त्यानं वाचला, घडी घातली आणि परत केला.

“दे पुरोहित सरांना. पण ते चित्र जपून ठेव, फाडू नकोस,” तो म्हणाला आणि शाळेकडं निघून गेला.

एसटीला अवकाश होता. थांब्यावर येऊन खिशात हात घातला तेव्हा कळलं, चष्मा खुर्चीवरच राहिला. पुन्हा देवळात आलो. मंडपात कुणी नव्हतं. फुलं तशीच खोक्यावर होती. बाहेर अंगणात कोंडाबाई झाडत होती. मी चष्मा घेऊन निघालो तशी तिनं खराटा टेकवला.

“मास्तर, लई शिकलायसा तुमी,” ती म्हणाली. “पर पोरीला देवीफुडं हुबं करून काय इचारलंसा ते तुमचं तुमास्नी तरी कळलं का?”

मी म्हणालो, बाई, ती खोटं बोलत होती.

“व्हय, बोलली. का बोलली ते मला इचारा.” ती दोन पावलं जवळ आली आणि आवाज खाली आणला. “त्या दिशी सकाळी पायरीवर आली आन् तितंच थबाकली. मी वळखलं. कावळा शिवलाता पोरीला. आत देऊळ, म्होरं जानाई. कशी यायची? रडाय लागली, म्हनली, मावशी, ह्येच्यासाठनं वरीसभर वाट बगितली. मग मीच म्हनलं, कठड्याच्या भाईर हुबी ऱ्हा. कठड्याला हात लावायचा न्हाई, खांबाला टेकायचं न्हाई. देवीचं देवीपाशी, तुजं तुज्यापाशी.”

मी ऐकत होतो, पण काही समजून घ्यायला डोकं जागेवर नव्हतं.

“लोहारला हे ठाऊक होतं?”

“त्येला मी येवढंच म्हनलं, ही पोर भाईर ऱ्हाईल, का म्हनून इचारू नगा. शाना मानूस. न्हाई इचारलं. कागद न् फळी दिली, आन् पोरीच्या म्होरं आड नगं म्हनून खुर्चीवर बसला न्हाई. पान्याची करवंटी म्या लांबनं ठेवली. फळी डाव्या हातावर धरून हुबी हुती, दहापास्नं एकपतूर. आन् ह्ये गावात फुटलं, आसल्या दिसांत पोर देवळाच्या आंगनात हुती म्हनून, तर बाप कोलापूरला धाडंल व्हय? आमचं गुरवपन ऱ्हाईल व्हय? पोरींनी तेवीसजनींनी बगितलंय. एकीनं त्वांड उघाडलं न्हाई.”

तिनं खराट्यानं कठड्याबाहेरची एक जागा दाखवली. मी तिथं जाऊन उभा राहिलो. सिंधूच्या उंचीचा अंदाज करून गुडघे जरा वाकवले. पुढं खुर्ची, खुर्चीच्या वरून फुलांच्या पाठी. उंच अंगणातून बघितल्यामुळं तांब्याचं तोंड चांगलं उघडलेलं. आणि डाव्या हाताला, नजरेच्या अगदी जवळ असल्यामुळं अस्पष्ट झालेला, वरपासून खालपर्यंत काळपट लाकडी खांब.

खुर्चीवर बसलो तेव्हा हा खांब माझ्या पाठीमागं होता. चित्रातला पट्टा मला तिथून दिसला नव्हता, आणि तो दिसत नाही हेही मला दिसलं नव्हतं. मी त्याला शिकलेल्या माणसाची करामत समजलो होतो. तिला दिसलं ते तिनं काढलं होतं, इतकीच करामत. मग मला आणखी एक आठवलं. सहा नंबरच्या कागदावर कुण्या मुलीनं फुलांच्या मागं उगाच एक निळा डाग दिला होता आणि मी त्याचे दोन गुण कापले होते. तो सिंधूचा परकर होता.

मला लाज वाटली. इतकी, की कोंडाबाईकडं बघवेना. मी एका पोरीला देवीसमोर उभं करून जे विचारलं, ते तिला जगात कुणाहीसमोर सांगता आलं नसतं, देवीसमोर तर नाहीच. आणि ती कुठं राहते हे मला ठाऊक असूनही मी तिच्या घराकडं वळलो नाही. जाऊन काय म्हणणार होतो? मला कळलं, असं म्हणणं म्हणजे तिला पुन्हा तसंच उभं करणं होतं. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली. लोहारच्या शाळेवरूनही गेलो, आत गेलो नाही. त्याला भेटायला मात्र कुठलीच अडचण नव्हती, मलाच तोंड नव्हतं.

पायरीवर लिहिलेला अहवाल मी फाडून टाकला. सोमवारी पुरोहित सरांनी विचारलं, “काय निघालं?”

“चित्र तिचंच आहे, सर.”

“आणि बसली कुठं होती?”

नेमून दिलेली जागा सोडली तर कागद बाद, हा नियम मीच आग्रहानं करून घेतलेला होता. मी सरांकडं बघून म्हणालो, “जागेवरच. नकाशा चुकीचा काढला गेलाय. मी तपासला.”

मंडळाच्या कामात मी बोललेलं हे पहिलं खोटं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सही केली. त्यांना काय कळलं, काय नाही, कोण जाणे. जाताना एवढंच म्हणाले, “फुलं बघितलीत ना शेवटी? झालं तर मग.”

जानेवारीत बक्षीस समारंभ झाला. व्यासपीठावर आम्ही सहाजण ओळीनं बसलो होतो. सिंधूचं नाव पुकारलं. ती आली, नवा निळा परकर नेसून. खाली पहिल्या रांगेत तिचा बाप फेटा मांडीवर ठेवून बसला होता. बक्षीस घेतल्यावर रिवाजाप्रमाणं ती एका टोकाकडून सगळ्यांच्या पाया पडत निघाली. पुरोहित सरांच्या, मग पाहुण्यांच्या, मग लोहारच्या. लोहारच्या पायांवर तिनं डोकंच टेकवलं. मी पाय जरा पुढं घेऊन सावरून बसलो. ती माझ्यासमोर आली, क्षणभर थांबली, माझ्याकडं नीट बघितलं आणि पुढच्या माणसापाशी जाऊन वाकली. मग पायऱ्या उतरून गेली. माझ्या वाट्याला तिची पाठ आली, दोन वेण्या आणि पोलक्याच्या मागच्या नाडीची सैल गाठ.

घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, गर्दीत चुकून राहून गेलं असेल, एवढं काय मनाला लावून घेता. पण त्या चित्रात झेंडूच्या बुडाशी एक पाकळी चुरगळली होती, तीसुद्धा त्या मुलीनं तीन तास उभं राहून सोडली नव्हती. तिच्या नजरेतून मी चुकून राहणार नव्हतो.